कुरवांची ओळख पंखांच्या टोकांवर

पांढरे अंग, राखाडी पाठ, लांब पंख आणि बदकासारखी पडदा असलेली बोटे एवढ्यावरून कुरव पक्षी लगेच ओळखू येतो. तो नेमका कोणत्या जातीचा, हे सांगणे मात्र अवघड असते. बऱ्याच जाती एकाच साच्यातल्या दिसतात आणि एकाच जातीचा पक्षी वयाप्रमाणे व ऋतूप्रमाणे रूप बदलतो.

बोरगाव-निपाणी भागातून वाहणाऱ्या दूधगंगा, वेदगंगा यांसारख्या दख्खनच्या नद्यांवर कुरवांपेक्षा नदी सुरय जास्त परिचयाचा. सुरय हा कुरवाचा भाऊबंद असला तरी अंगाने सडपातळ असतो, त्याची शेपूट दुभंगलेली आणि चोच सरळ व टोकदार असते. तो हवेतून सूर मारून मासा धरतो. कुरव बहुधा पाण्यावर तरंगत किंवा पृष्ठभागालगत उडत मिळेल ते उचलतो. कुरवांचे थवे पाहायचे तर या भागातून फोंडा घाट उतरून देवगडच्या किनाऱ्याला किंवा उत्तरेकडे उजनी जलाशयावर भिगवणला जावे लागते. तेथे ते हिवाळी पाहुणे असतात आणि उन्हाळा लागताच विणीसाठी उत्तरेकडे परततात.

या थव्यांत सर्वांत जास्त घोटाळा होतो तो तपकिरी डोक्याचा कुरव आणि काळ्या डोक्याचा कुरव यांच्यात. पहिला लडाख, तिबेट व मध्य आशियातील उंचावरच्या सरोवरांकाठी वीण करतो. दुसऱ्याची वीण युरोपपासून पूर्व आशियापर्यंत पसरलेली आहे. त्यांची नावे फसवी आहेत. विणीच्या हंगामात काळ्या डोक्याच्या कुरवाचे डोकेही गडद चॉकलेटी असते, काळे नव्हे. हिवाळ्यात तर दोघांचीही डोकी पांढरी होतात आणि कानाजवळ एक गडद डाग तेवढा उरतो. म्हणजे ज्या काळात हे पक्षी आपल्याकडे असतात, त्यातील बराच काळ डोक्याचा रंग उपयोगाचा नसतो.

उपयोगी पडतो तो उघडलेला पंख. तपकिरी डोक्याच्या प्रौढ कुरवाच्या पंखाचे टोक रुंद काळे असते आणि त्या काळ्यात ठळक पांढरे ठिपके असतात. इंग्रजी पुस्तकांत या ठिपक्यांना ‘मिरर’ म्हणतात. काळ्या डोक्याच्या कुरवात पंखाच्या पुढच्या कडेला लांबट पांढरा पट्टा असतो आणि काळा रंग टोकाच्या कडेपुरता राहतो. पक्षी बसलेला असेल तर डोळा पाहावा. तपकिरी डोक्याच्या प्रौढ कुरवाचे बुबुळ फिकट, तर काळ्या डोक्याच्या कुरवाचे गडद असते. पहिल्याची चोचही थोडी जाड असते. परंतु लहान वयात दोघांचेही डोळे गडदच असतात, आणि तपकिरी डोक्याच्या कोवळ्या पक्ष्याच्या काळ्या टोकात पांढरे ठिपके नसतात. म्हणून आधी वय आणि मग जात, हा क्रम पाळावा लागतो.

पश्चिम किनाऱ्यावर आढळणारा बारीक चोचीचा कुरव या घोटाळ्यात आणखी भर घालतो. त्याच्या पंखाचा नमुना काळ्या डोक्याच्या कुरवासारखाच असतो, पण त्याचे डोके विणीच्या काळातही पांढरे राहते, कपाळ उतरते आणि चोच लांब असते. याउलट पल्लासचा कुरव त्याच्या मोठ्या आकारामुळे उठून दिसतो. विणीच्या काळात त्याचे डोके खरोखरच काळे होते, पिवळ्या चोचीच्या टोकाशी काळा पट्टा असतो आणि हिवाळ्यात डोळ्यामागे गडद छटा राहते. मात्र पूर्ण प्रौढ रूप येण्यास त्याला चार वर्षे लागतात.

खरी कसोटी पांढऱ्या डोक्याच्या मोठ्या कुरवांत लागते. सायबेरियाच्या टुंड्रा प्रदेशातून येणारा ह्यूग्लिनचा कुरव आणि मध्य आशियातील गवताळ प्रदेशातून येणारा स्टेप कुरव यांच्यातील मुख्य फरक पाठीच्या राखाडी छटेचा असतो. पहिल्याची पाठ अधिक गडद असते. पण ढगाळ हवेत तीच पाठ गडद आणि भर उन्हात फिकट भासते. त्यामुळे शेजारी बसलेल्या दुसऱ्या कुरवाशी तुलना केल्याशिवाय छटेवर भरवसा ठेवता येत नाही. पीसझडीचा काळही मदत करतो. ह्यूग्लिनच्या कुरवाची पंखांची पिसे उशिरा, भर हिवाळ्यातही बदलत असतात. पिसांची झीजही लक्षात घ्यावी लागते. काळ्या भागातील मेलॅनिन हे रंगद्रव्य पिसाला बळकटी देते, पांढरी टोके मात्र लवकर झिजतात. त्यामुळे हंगामाअखेरीस पंखाचा नमुना बदललेला दिसतो.

या मोठ्या कुरवांच्या वर्गीकरणावर शास्त्रज्ञांतही एकमत नाही. काहीजण स्टेप कुरवाला कॅस्पियन कुरवाची उपजात मानतात, तर काही वेगळ्या जातीत ठेवतात. उत्तर ध्रुवाभोवती या कुरवांच्या एकमेकींशी संकर होऊ शकणाऱ्या उपजातींची साखळी आहे आणि तिची दोन टोके युरोपात वेगळ्या जातींसारखी वागतात, असा ‘वलयजाती’चा विचार जीवशास्त्रज्ञ अर्न्स्ट मायर यांनी 1942 मध्ये मांडला. तो अनेक पाठ्यपुस्तकांत रूढ झाला. 2004 मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासाने हे वलय पूर्ण होत नसल्याचे दाखवले. या कुरवांचा विस्तार एका मूळ ठिकाणाहून नव्हे, तर दोन जुन्या वंशशाखांतून झाला होता.

त्यामुळे किनाऱ्यावर निरीक्षण करताना एका लक्षणावर निकाल देऊ नये. आधी आकार, मग वय, त्यानंतर पंखाचे टोक, चोच, डोळा, पाय आणि पाठीची छटा असा क्रम ठेवावा. पंख उघडलेल्या अवस्थेतील छायाचित्रे काढावीत, तारीख, ठिकाण आणि प्रकाशाची नोंद करावी. एवढे करूनही लक्षणे जुळली नाहीत, तर ‘मोठा कुरव, जात अनिश्चित’ अशी नोंद करावी. अंदाजाने दिलेले नाव पुढच्या अभ्यासकाला चुकवते. अनिश्चित म्हणून जपलेली नोंद छायाचित्रासह पुन्हा तपासता येते.