शेतकऱ्याच्या मुलाने उभारलेला चर्मपूरणाचा व्यवसाय

वासरू दगावले म्हणजे त्याच्या कातड्यात पेंढा भरून ते म्हशीपुढे ठेवावयाचे, म्हणजे ती पान्हवते, ही रीत आपल्या खेड्यांतून जुनी आहे. मृत प्राण्याचे कातडे टिकवून त्यास जिवंतपणीचा आकार देण्याच्या शास्त्रशुद्ध कलेस चर्मपूरण म्हणतात. संग्रहालयांतील वाघ, हत्ती व पक्षी याच कसबाने उभे राहतात. या कलेस आधुनिक वळण लावणाऱ्यांत कार्ल एकेली याचे नाव अग्रगण्य असून तो अमेरिकेतील एका शेतकऱ्याचा मुलगा होता. कोणताही धंदा लहान वयात सुरू करू इच्छिणाऱ्या ग्रामीण तरुणांस त्याचे चरित्र उद्बोधक आहे.

सोळाव्या वर्षी आरंभ

एकेलीचा जन्म १८६४ साली न्यूयॉर्क राज्यातील क्लॅरेंडन येथे झाला. शाळेचे शिक्षण थोडेच झाले. परंतु पशुपक्ष्यांचे निरीक्षण करण्याचा त्यास नाद होता. शेजारच्या गावातून मागून आणलेल्या एका पुस्तकावरून त्याने चर्मपूरणाचे प्राथमिक ज्ञान मिळविले. पक्ष्यांच्या मागे खरे वाटणारे देखावे रंगविता यावेत म्हणून त्याने चित्रकलेचेही काही धडे घेतले. सोळा वर्षांचा असताना आपण या धंद्यात पडलो असल्याचे त्याने जाहीर केले आणि तशी कार्डेही छापून घेतली.

परंतु कार्डे छापल्याने कसब अंगी येत नाही. एकोणिसाव्या वर्षी, हंगामाची कामे आटोपल्यावर, तो ब्रॉकपोर्ट येथील डेव्हिड ब्रूस या जाणकाराकडे गेला. ब्रूसच्या सल्ल्यावरून तो रोचेस्टर येथील वॉर्ड यांच्या कारखान्यात उमेदवारीस राहिला. तेथे आठवड्याचा पगार साडेतीन डॉलर आणि राहण्याजेवण्याचा खर्च चार डॉलर होता! म्हणजे शिकण्यासाठी दर आठवड्यास अर्ध्या डॉलरची खोट सोसावी लागे.

भरणे आणि घडविणे

त्या काळी मोठे जनावर उलटे टांगून त्याच्या कातड्यात मावेल तितका पेंढा ठासून भरीत. काम झटपट होई. परंतु जनावराचे रूप बिघडे. हा प्रकार एकेलीस रुचला नाही. १८८५ साली कॅनडात रेल्वेखाली सापडून मेलेला जंबो हा प्रसिद्ध हत्ती उभा करण्याच्या कामात त्याचा मोठा वाटा होता. पुढील वर्षी तो मिलवॉकी येथे गेला. तेथील संग्रहालयासाठी १८९० साली त्याने मस्करॅट या पाणथळीतील प्राण्यांचे कुटुंब त्यांच्या घरासह उभे केले. तो देखावा शंभराहून अधिक वर्षे टिकून राहिला.

त्याच्या पद्धतीत प्रथम प्राण्याची काळजीपूर्वक मापे घेत. मग स्नायूंच्या उंचसखलपणासह मातीचा पुतळा घडवीत व त्यावरून प्लास्टरचा साचा काढीत. साच्यातून हलके, पोकळ शरीर तयार करून त्यावर कमावलेले कातडे चढवीत. हरणांचे चार ऋतूंतील देखावे तयार करण्यात त्याची व त्याची पत्नी डेलिया हिची काही वर्षे गेली. त्यातील हजारो पाने त्यांनी मेणाची घडविली.

हातातील कसब इतर कामीही येते. शिकागोच्या संग्रहालयाच्या भिंतींची डागडुजी करण्यासाठी त्याने हवेच्या दाबाने गिलावा फवारणारे यंत्र बनविले. १९११ साली त्यास पेटंट मिळाले. बोगदे व कालवे यांच्या अस्तरीकरणात सिमेंट फवारण्याची जी पद्धत वापरतात, तिचे मूळ या यंत्रात आहे.

आपल्याकडील स्थिती

भारतात या व्यवसायाची मदार पूर्वी शिकारीवर असे. म्हैसूर येथील व्हॅन इंगेन यांचा नामांकित कारखाना १९९९ साली बंद झाला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार परवान्याशिवाय वन्यप्राण्यांच्या चर्मपूरणाचा धंदा करता येत नाही. संरक्षित वन्यप्राणी मृत सापडला तरी तो घरी आणू नये. वनखात्यास त्वरित कळवावे. मुंबईत बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात २००९ साली सरकारी चर्मपूरण केंद्र सुरू झाले. नैसर्गिक रीतीने मेलेल्या प्राण्यांचे देह अभ्यासासाठी टिकविणे हा त्यामागील हेतू होय.

शाळांतून जुने पेंढा भरलेले पशुपक्षी असल्यास ते उघड्या हातांनी हाताळू नयेत. किडीपासून रक्षणासाठी पूर्वी कातड्यास सोमलयुक्त साबण लावीत आणि सोमल हे जहाल विष आहे. त्याचप्रमाणे रोगाने मेलेल्या कोंबड्या वा बदके या कामास घेऊ नयेत. पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवावे.

ग्रामसेवकांनी सांगावयाचे

गावातील तरुण सुतारकाम, कुक्कुटपालन किंवा यंत्रदुरुस्ती यांपैकी कोणताही जोडधंदा सुरू करू लागला, तर ग्रामसेवकाने त्यास चार गोष्टी सांगाव्यात. पाटी लावण्यापूर्वी जाणत्याच्या हाताखाली काम करावे. उमेदवारीच्या काळात पडणारी तूट आधीच हिशेबात धरावी व ती भागविण्याची तजवीज करावी. ज्या धंद्यास परवाना लागतो, त्याची चौकशी भांडवल गुंतविण्यापूर्वी करावी. झटपट काम करून नाव घालविण्यापेक्षा नीट काम करून गिऱ्हाईक टिकवावे. वय लहान असणे ही अडचण नव्हे. शिकण्यास वेळ हाताशी असणे हेच तरुणाचे खरे भांडवल होय.