पंचाहत्तरीनंतर कोलेस्टेरॉलची गोळी: कोणी घ्यावी, कोणी थांबवावी?

पंचाहत्तरी ओलांडलेल्या आईच्या किंवा वडिलांच्या रक्ततपासणीचा रिपोर्ट येतो. एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, १४२. आकडा ठळक छापलेला, शेजारी ‘हाय’ अशी खूण. लगेच घरात दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, आजच गोळी सुरू करा. दुसरा म्हणतो, आता या वयात आणखी एक गोळी कशाला? दोघांकडेही आपापले दाखले तयार असतात. कुणाच्या ओळखीतले आजोबा गोळी घेऊन नव्वदीपर्यंत ठणठणीत राहिलेले असतात, तर कुणाच्या मावशीचे पाय त्याच गोळीने दुखू लागलेले असतात.

या प्रश्नावर वैद्यकशास्त्राने गेल्या तीस वर्षांत भरपूर काम केले आहे. त्यातून हाती आलेले उत्तर घरातल्या दोन्ही पक्षांच्या मतांपेक्षा नेमके आहे. केवळ रिपोर्टवरचा आकडा पाहून किंवा केवळ जन्मतारीख पाहून हा निर्णय होत नाही. सर्वांत आधी विचारायला हवे ते हे: या माणसाला रक्तवाहिन्यांचा आजार आधी होऊन गेला आहे का? बाकीचे प्रश्न त्यानंतरचे.

बुरशीतून आलेले औषध

कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या औषधांत स्टॅटिन हा गट सर्वांत महत्त्वाचा. अॅटोरव्हास्टॅटिन आणि रोसुव्हास्टॅटिन ही त्यातली आपल्याकडच्या चिठ्ठ्यांवर नेहमी दिसणारी नावे. या गटाचा शोध जपानमध्ये लागला. सांक्यो कंपनीतले जीवरसायनशास्त्रज्ञ अकिरा एंडो यांनी सुमारे ६,००० प्रकारच्या बुरश्या आणि सूक्ष्मजीव तपासले. क्योटोतल्या एका धान्याच्या दुकानातल्या तांदळावरच्या बुरशीत १९७३ मध्ये त्यांना पहिले स्टॅटिन सापडले. बाजारात आलेले पहिले औषध लोव्हास्टॅटिन. त्याला अमेरिकेत १९८७ मध्ये मान्यता मिळाली.

आपल्या शरीरातले बरेचसे कोलेस्टेरॉल यकृतात तयार होते. ते तयार होताना एका विशिष्ट एन्झाइमची गरज लागते आणि स्टॅटिन नेमके तेच एन्झाइम अडवते. घरचे उत्पादन घटले, की यकृताच्या पेशी आपल्या पृष्ठभागावर जादा रिसेप्टर तयार करून रक्तातले एलडीएल ओढून घेऊ लागतात. रक्तातला आकडा उतरतो तो यामुळे. हे रिसेप्टर शोधून काढणाऱ्या मायकेल ब्राऊन आणि जोसेफ गोल्डस्टाइन यांना १९८५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. स्टॅटिनचा फायदा एवढ्यावर थांबत नाही. धमनीच्या भिंतीत साठलेला चरबीचा थरही त्यामुळे स्थिर होतो. हा थर फुटून त्यावर रक्ताची गुठळी होणे, हेच बहुतेक हार्ट अटॅकचे कारण असते.

औषधाने माणसे खरोखर वाचतात, हे १९९४ मध्ये सिद्ध झाले. स्कँडिनेव्हियन देशांतल्या ४,४४४ हृदयरुग्णांवर सिम्व्हास्टॅटिनची चाचणी झाली आणि मृत्यूंचे प्रमाण ३० टक्क्यांनी घटले. त्या चाचणीत घेतलेल्या रुग्णांचे वय मात्र ३५ ते ७० होते. म्हणजे ज्यांना हृदयविकाराचा धोका सर्वाधिक, त्या वयोगटाला चाचणीचे दार बंद होते. पुढेही बरीच वर्षे हेच होत राहिले. २०१९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये २८ मोठ्या चाचण्यांचे एकत्र विश्लेषण प्रसिद्ध झाले. त्यातल्या १,८६,८५४ जणांपैकी पंचाहत्तरीपुढचे होते फक्त १४,४८३. हे प्रमाण जेमतेम ८ टक्के भरते. ज्येष्ठांच्या बाबतीत डॉक्टरांमध्ये मतभेद दिसतात, त्याचे मूळ इथे आहे.

आजार होऊन गेला असेल तर

खास ज्येष्ठांसाठी आखलेली पहिली मोठी चाचणी होती ‘प्रॉस्पर’. स्कॉटलंड, आयर्लंड आणि नेदरलँड्समधले ७० ते ८२ वर्षांचे ५,८०४ स्त्री-पुरुष तिच्यात सहभागी झाले. त्यातल्या जवळपास निम्म्यांना रक्तवाहिन्यांचा आजार आधीपासून होता. उरलेल्यांना रक्तदाब, मधुमेह किंवा धूम्रपान यांमुळे धोका होता. एका गटाला प्राव्हास्टॅटिन, दुसऱ्याला तशीच दिसणारी निष्क्रिय गोळी दिली गेली. सरासरी तीन वर्षांहून थोड्या अधिक काळानंतर, २००२ मध्ये निष्कर्ष आले. हृदयविकाराने मृत्यू, हार्ट अटॅक किंवा पक्षाघात यांपैकी काही ना काही निष्क्रिय गोळी घेणाऱ्या २,९१३ जणांपैकी ४७३ जणांना झाले. औषध घेणाऱ्या २,८९१ जणांपैकी ४०८ जणांना झाले.

याचा अर्थ असा, की तीन वर्षे सुमारे ५० ज्येष्ठांनी गोळी घेतली तर त्यातल्या एकाचा मोठा आघात टळतो. बाकीच्या ४९ जणांना त्या काळात मोजता येण्याजोगा लाभ होत नाही. हा फायदा लहान आहे, पण खरा आहे. टळणारा आघात हार्ट अटॅकसारखा गंभीर असतो, हे लक्षात घेतले तर त्याची किंमत कळते. या चाचणीचा दुसरा धडा आणखी मोलाचा. फायदा झाला तो मुख्यतः आधीच आजार असलेल्यांना. आजार नसलेल्यांमध्ये फरक इतका किरकोळ होता, की तो योगायोगाचाही असू शकतो.

२०१९ च्या विश्लेषणाने हीच गोष्ट अधिक मोठ्या संख्येवर दाखवली. ज्यांना हार्ट अटॅक, अँजिओप्लास्टी, बायपास किंवा रक्तवाहिनी तुंबून झालेला पक्षाघात होऊन गेला आहे, त्यांना स्टॅटिनचा उपयोग पंचाहत्तरीनंतरही होतो. म्हणून अशा माणसाने ‘आता वय झाले’ या कारणाने गोळी सोडणे हे चूक आहे. यात तज्ज्ञांमध्ये फारसे दुमत नाही.

आजार नसलेल्यांचे काय?

खरा पेच इथे आहे. छातीत कधी दुखले नाही, पक्षाघात नाही, फक्त आकडा वाढलेला. वय हाच हृदयविकाराचा सर्वांत मोठा धोका असल्याने जोखीम मोजण्याच्या प्रचलित सूत्रांत सत्तरीपुढचे बहुतेक जण आपोआप ‘जास्त जोखीम’ या रकान्यात जातात. त्या तर्काने सगळ्यांनाच गोळी द्यावी लागेल. पण या वयात माणसाला इतर आजारही गाठत असतात आणि एका आजारापासून मिळालेले संरक्षण एकूण आयुष्यात किती भर घालते, हे सांगणे कठीण होते. २०१९ च्या विश्लेषणातही आजार नसलेल्या पंचाहत्तरीपुढच्या गटात फायद्याची बाजू निर्विवाद ठरली नाही.

उतारवयात कोलेस्टेरॉलच्या आकड्याचा अर्थही बदलतो. चाळिशी-पन्नाशीत जास्त एलडीएल हा पुढच्या धोक्याचा स्पष्ट इशारा असतो. ऐंशीनंतर मात्र कमी कोलेस्टेरॉल असलेल्यांमध्येच मृत्यूचे प्रमाण जास्त दिसते, असे अनेक पाहण्यांत आढळले. याचा अर्थ कोलेस्टेरॉल वाढवावे असा नाही. कर्करोग, जुनाट जंतुसंसर्ग, कुपोषण यांत कोलेस्टेरॉल आपोआप उतरते. आकडा तिथे आजारपणाचे लक्षण असतो. म्हणून वजन घटत असताना कोलेस्टेरॉलही उतरले, तर गोळीला श्रेय देण्याआधी डॉक्टरांनी कारण शोधायला हवे.

अमेरिकेच्या प्रतिबंधक आरोग्य सेवा कृतिदलाने २०२२ मध्ये याबाबत स्वच्छ भूमिका घेतली. ४० ते ७५ वयोगटातल्या जोखमीच्या लोकांसाठी त्यांनी स्टॅटिनची शिफारस केली, तर ७६ व त्यापुढच्या, आजार नसलेल्या लोकांमध्ये नव्याने गोळी सुरू करण्याबाबत पुरावा अपुरा असल्याचे नोंदवले. ही पोकळी भरण्यासाठी ऑस्ट्रेलियात ‘स्टॅरी’ आणि अमेरिकेत ‘प्रिव्हेंटेबल’ या चाचण्या खास ज्येष्ठांवर आखल्या गेल्या. त्यांत हृदयविकाराबरोबरच माणूस किती काळ स्वावलंबी राहतो, स्मृतिभ्रंश होतो का, हेही मोजायचे ठरले. सत्तरीपुढच्या माणसाला नेमके याच गोष्टींचे मोल वाटते, म्हणून हा बदल स्वागतार्ह आहे.

आपल्याकडे एक गोष्ट वेगळी आहे. ५२ देशांत झालेल्या ‘इंटरहार्ट’ अभ्यासात दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला हार्ट अटॅक येण्याचे वय इतरांपेक्षा पाच-सहा वर्षे अलीकडे आढळले. त्यामुळे भारतात पंचाहत्तरीला पोचलेल्या अनेकांच्या धमन्यांत आजार आधीच शिरलेला असू शकतो, मग तो उघड झालेला असो वा नसो. मधुमेह असेल तर ही शक्यता आणखी वाढते. हृदयाच्या धमन्यांत साठलेले कॅल्शियम मोजणारा सीटी स्कॅन अशा वेळी उपयोगी पडू शकतो. स्कोअर शून्य आला, तर पंचाहत्तरी-ऐंशीच्या माणसाला गोळी टाळता येते, असे अमेरिकी हृदयरोगतज्ज्ञांचे २०१८ चे मार्गदर्शन सांगते.

पाय दुखतात, विसरायला होते

गोळी बंद करण्याचे सर्वांत मोठे कारण म्हणजे स्नायूदुखी. लंडनच्या इंपिरियल कॉलेजमध्ये याची एक चतुर चाचणी झाली. त्रासामुळे स्टॅटिन सोडलेल्या ६० जणांना वर्षभरासाठी बारा बाटल्या दिल्या: चार महिने खरे औषध, चार महिने तशीच दिसणारी निष्क्रिय गोळी, चार महिने रिकामी बाटली. महिन्यांचा क्रम उलटसुलट ठेवला होता आणि रोजचा त्रास किती, ते त्यांनी नोंदवायचे होते. गोळी नसलेल्या महिन्यांत त्रासाची सरासरी ८ गुण भरली, खऱ्या औषधावर १६.३ आणि निष्क्रिय गोळीवर १५.४. याचा अर्थ, त्रास खराच होता, पण त्याचा सुमारे ९० टक्के भाग गोळी गिळण्याच्या भीतीतून आलेला होता. स्वतःचे हे आकडे पाहिल्यावर त्यातल्या निम्म्या लोकांनी पुन्हा गोळी सुरू केली.

तरीही वृद्ध माणसाची तक्रार कधी झटकून टाकू नये. गोळीमुळे स्नायूंना खरी इजा क्वचित होते, पण वाढते वय, बारीक बांधा, मूत्रपिंडाचा अशक्तपणा आणि थायरॉइडची कमतरता यांत ती शक्यता वाढते. आशियाई वंशाच्या लोकांच्या रक्तात रोसुव्हास्टॅटिनचे प्रमाण जास्त चढते. म्हणून ती ५ मिलिग्रॅमपासून सुरू करण्याची सूचना आहे. क्लॅरिथ्रोमायसिनसारखे प्रतिजैविक किंवा बुरशीवरचे इट्राकोनाझोल घेत असताना काही स्टॅटिनची रक्तातली पातळी धोकादायक होऊ शकते. लघवी गडद तपकिरी होणे आणि स्नायू अचानक दुबळे पडणे ही तातडीने दवाखाना गाठण्याची लक्षणे आहेत.

मधुमेहाचे प्रमाण स्टॅटिनने थोडे वाढते, आणि ते बहुतांशी ज्यांची साखर आधीच काठावर आहे त्यांच्यात. अशांनी साखर तपासत राहावे. स्मरणशक्तीच्या बाबतीत ‘प्रॉस्पर’ चाचणीत ज्येष्ठांच्या आकलनशक्तीची मुद्दाम परीक्षा घेतली होती. दोन गटांत फरक आढळला नाही.

थांबवणे हाही उपचाराचाच भाग

गोळी कधी थांबवावी, याची चर्चा आपल्याकडे फार कमी होते. स्टॅटिनचा फायदा दिसायला वेळ लागतो. पन्नास ते पंचाहत्तर वयाच्या आजार नसलेल्या १०० जणांनी सुमारे अडीच वर्षे गोळी घेतल्यावर एक आघात टळतो, असा अंदाज २०२१ मध्ये मांडला गेला. ज्याच्याकडे तितका काळ उरलेला नाही, त्याला ही गोळी फारसे काही देत नाही. अमेरिकेत वर्षभराहून कमी आयुष्य उरलेल्या ३८१ रुग्णांच्या चाचणीत निम्म्यांचे स्टॅटिन थांबवले. साठ दिवसांतल्या मृत्यूंत लक्षणीय फरक पडला नाही आणि गोळी थांबवलेल्यांचे जगणे थोडे अधिक सुखाचे झाले. शेवटच्या टप्प्यातल्या कर्करोगात, प्रगत स्मृतिभ्रंशात किंवा अन्न गिळणेही जड जात असताना कोलेस्टेरॉलची गोळी भरवत राहण्यात उपचार नाही, नुसती सवय आहे.

याउलट, ठणठणीत माणसाने मनाने गोळी सोडणे महाग पडू शकते. हृदयविकार नसलेल्या आणि नियमित स्टॅटिन घेणाऱ्या पंचाहत्तर वर्षांच्या १,२०,१७३ फ्रेंच नागरिकांचा पाठपुरावा केला असता, गोळी सोडलेल्यांमध्ये हृदय वा रक्तवाहिन्यांच्या आजाराने रुग्णालयात जाण्याचा धोका ३३ टक्क्यांनी अधिक आढळला. हा निरीक्षणात्मक अभ्यास आहे, त्यातून कार्यकारणभाव पक्का ठरत नाही. सावध राहायला मात्र तो पुरेसा आहे.

निर्णय कसा घ्यावा?

हार्ट अटॅक, स्टेंट, बायपास किंवा तुंबून झालेला पक्षाघात असेल, तर वय काहीही असो, गोळी सुरू राहावी आणि डोस सोसवेल इतका ठेवावा. आजार नाही, पण गोळी अनेक वर्षे सुखाने चालू आहे आणि तब्येत चांगली आहे, तर ती बंद करण्याचे कारण नाही. आजार नाही आणि पंचाहत्तरीनंतर नव्याने सुरू करायची आहे, तर मधुमेह, रक्तदाब, मूत्रपिंड, इतर गोळ्यांची संख्या आणि माणसाची स्वतःची इच्छा हे सारे टेबलावर ठेवून ठरवावे. अंथरुणाला खिळलेल्या, आयुष्याच्या अखेरच्या टप्प्यातल्या माणसाची गोळी डॉक्टरांशी बोलून बंद करावी. त्यात अपराधी वाटून घेऊ नये.

पुढच्या वेळी दवाखान्यात जाताना घरातल्या सगळ्या गोळ्या, आयुर्वेदिक आणि दुकानातून परस्पर आणलेल्या धरून, एका पिशवीत घालून न्या. डॉक्टरांना तीन प्रश्न विचारा: ही गोळी मला नेमकी कशासाठी आहे, तिचा फायदा मला किती वर्षांनी मिळणार आहे, आणि ती थांबवायची वेळ आली हे आपण कशावरून ओळखू? आणि हे प्रश्न मुला-सुनेने नव्हे, शक्यतो ज्याची गोळी आहे त्यानेच विचारावेत. उत्तर मिळेपर्यंत चालू असलेली गोळी स्वतःहून बंद करू नका.