मासे आणि पालटते हवामान

मासे पकडणारा माणूस आपण पाहिलेला असतो, विकणाराही पाहिलेला असतो. परंतु मासे मोजण्यात जन्म घालवणारा माणूस सहसा कोणी पाहिलेला नसतो. असा प्राणिशास्त्राचा अध्यापक वर्षानुवर्षे एकाच डोहावर जातो, जाळ्यात काय आले ते मोजतो, पाण्याचे तापमान घेतो, वहीत लिहितो आणि परततो. यातून साधते काय, असे कोणी विचारील. त्याचेच उत्तर येथे द्यावयाचे आहे.

मासा थंड रक्ताचा प्राणी आहे. म्हणजे त्याच्या अंगाची ऊब भोवतालच्या पाण्यावर अवलंबून असते. पाणी तापले की त्याच्या शरीराचे व्यापार जलद चालतात व त्याला प्राणवायू अधिक लागतो. पण तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. एक लिटर गोड्या पाण्यात २० अंश सेल्सियसला तो सुमारे ९ मिलिग्रॅम मावतो, तर ३० अंशांना सुमारे साडेसातच. गरज वाढते नेमका तेव्हाच पुरवठा घटतो. मे महिन्यात आटत आलेल्या डोहात मासे तोंड वर काढून धापा का टाकतात, हे यावरून ध्यानात येईल.

दुसरी गोष्ट विणीची. रोहू, कटला, मृगळ हे मासे पावसाळी पुराच्या पाण्यात अंडी घालतात. बराकपूर येथील केंद्रीय अंतर्देशीय मात्स्यिकी संशोधन संस्थेच्या अभ्यासकांना असे आढळले की, बंगालमधील मत्स्यबीज केंद्रांत पूर्वी जूनमध्ये सुरू होणारा विणीचा हंगाम आता मार्चपर्यंत अलीकडे आला आहे.

मात्र निष्कर्षाची घाई करू नये. एखाद्या वर्षी मासे घटले, तर दोष उन्हाचा, धरणाचा, सांडपाण्याचा की बाहेरून आणून सोडलेल्या माशांचा? हे निवडून काढायचे तर मागचा हिशेब हवा. पुण्याकडे तो आहे. कर्नल साइक्स याने १८३५ साली दख्खनच्या हवामानावर निबंध प्रसिद्ध केला आणि १८३८ साली लंडनच्या प्राणिशास्त्र मंडळापुढे दख्खनच्या माशांची माहिती मांडली. त्याने स्थानिक नावेच शास्त्रीय नावांत घातली. खुडरी, कोळस, मळ्या ही नावे शास्त्रात आजही चालू आहेत. त्याच खुडरीची वीण, अंडी आणि पिलांची वाढ यांचे वर्णन पुढे महाराष्ट्राच्या मत्स्य खात्याचे संचालक राहिलेले डॉ. सी. व्ही. कुलकर्णी यांनी केले. २००३ साली एस. एस. खरात व त्यांचे सहकारी यांनी पुणे जिल्ह्यातील माशांत दीर्घकाळात झालेल्या पालटावर ‘करंट सायन्स’मध्ये निबंध लिहिला. तुलना करता आली ती अशा जुन्या याद्या जपल्या गेल्या म्हणून. एका माणसाचे आयुष्य या कामाला अपुरे पडते. एकाने वही ठेवायची, दुसऱ्याने ती पुढे चालवायची.

साइक्सचा मुलूख मुंबई इलाख्यातला. आपले जालना तेव्हा निजामाच्या राज्यात होते. पण प्रश्न आपल्या दारातलाच आहे. २०१२ साली पाऊस अपुरा झाला आणि पुढच्या उन्हाळ्यात जिल्ह्यातले तलाव आटले, हे आपण विसरलेलो नाही. असे तलाव पुन्हा भरतात, मत्स्यबीज सोडले जाते, जाळी जड होतात. मग सारे पूर्ववत झाले काय? जो मासा सोडला तो परत आला. पण जो कोणी सोडत नाही, दगडाला चिकटून राहणाऱ्या मळ्यासारखा, तो दुधना, पूर्णा, कुंडलिकेच्या पात्रात परतला काय? हे ठामपणे तोच सांगू शकेल, ज्याच्यापाशी दुष्काळापूर्वीची वही आहे.

म्हणून आपल्या महाविद्यालयातील एखाद्या तरुणाने एक डोह निवडावा. तेथल्या भोई मंडळींना, कोणता मासा पूर्वी मिळे व आता मिळत नाही, हे विचारून पहिले पान लिहावे. पुढचा दुष्काळ त्या वहीसाठी थांबणार नाही.