सिमेंटमधील माणसे : विनायक पांडुरंग करमरकर ह्यांची शिल्पकला

पुतळा ‘उभारतात’ आणि शिल्प ‘घडवितात’. मराठी भाषेने ह्या दोन क्रियापदांत जो भेद सहजगत्या नोंदवून ठेवला आहे, तो आपल्या कलासमीक्षेने क्वचितच लक्षात घेतला. पुतळ्यामागे समिती असते, वर्गणी असते, कोनशिला असते, आणि अनावरणाचा दिवस आधी ठरलेला असतो. शिल्पामागे बहुधा एकच माणूस असतो. आधुनिक महाराष्ट्रात ज्यांनी शिल्पकला हा व्यवसाय म्हणून पत्करला, त्यांना पुतळ्यांनीच अन्न दिले, आणि लोकांच्या स्मरणातही ते पुतळ्यांचे कर्ते म्हणूनच राहिले. विनायक पांडुरंग तथा नानासाहेब करमरकर (१८९१–१९६७) ह्यांच्या बाबतीत हे विशेषच खरे आहे. पुण्याच्या अश्वारूढ शिवाजी महाराजांच्या पुतळ्याने त्यांना कीर्ती दिली, आणि त्याच पुतळ्याने त्यांचे दुसरे काम, जे अधिक त्यांचे स्वतःचे होते, झाकून टाकले.

करमरकरांचा जन्म सासवणे ह्या समुद्रकाठच्या गावी, तत्कालीन कुलाबा म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यात झाला. घरी गणपतीच्या मूर्ती करण्याचा परिपाठ होता. गावातील देवळाच्या भिंतीवर ह्या मुलाने काढलेले शिवाजी महाराजांचे चित्र जिल्ह्याचे कलेक्टर ऑटो रॉथफील्ड ह्यांच्या दृष्टीस पडले, आणि त्यांच्या साहाय्याने तो मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाला, ही हकीकत त्यांच्या सर्व चरित्रांत येते. पुढे सुरेंद्रनाथ ठाकुरांच्या प्रोत्साहनाने ते कलकत्त्यास गेले; मध्यंतरी लंडनला रॉयल अकॅडमीत शिकले आणि १९२५ च्या सुमारास मुंबईस परतले. चरित्राचा हा भाग त्या पिढीतील कोणत्याही गुणी कलावंताच्या चरित्रासारखा आहे. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवण्यासारखी आहे : मातीशी त्यांची ओळख कलाशाळेने करून दिली नव्हती. ती श्रावण-भाद्रपदातील मूर्तिकामाने करून दिली होती, आणि त्या कामात मूर्तीचे विसर्जन गृहीतच असते.

पुण्याच्या पुतळ्याचा इतिहास विलक्षण आहे. कोल्हापूरच्या शाहू छत्रपतींच्या पुढाकाराने योजिलेल्या ह्या स्मारकाची कोनशिला १९२१ मध्ये इंग्लंडच्या युवराजाच्या हस्ते बसविली गेली आणि १९२८ मध्ये मुंबईच्या गव्हर्नरांनी पुतळ्याचे अनावरण केले. स्वराज्यसंस्थापकाच्या स्मारकाला साम्राज्याचे हे दोन्ही आशीर्वाद घ्यावे लागले, ह्यातील विसंगती त्या काळच्या माणसांना फारशी बोचली नसावी. करमरकरांपुढील अडचण निराळी होती. सुमारे साडेतेरा फूट उंचीचा घोडा आणि स्वार धातूत ओतावयाचा, तर सामान्यतः त्याचे भाग वेगवेगळे ओतून मागाहून जोडतात. करमरकरांनी तो अखंड ओतविला, आणि तेही मुंबईत, माझगावच्या गोदीत. अखंड ओतकामात वितळलेला रस साच्याच्या सर्व फाट्यांतून एकाच वेळी वाहावा लागतो. घोड्याच्या बारीक पायात तो मध्येच थिजला तर महिन्यांचे श्रम एका घटकेत वाया जातात. ह्या धाडसाचे कौतुक आजही होते आणि ते रास्त आहे. पण हे कौतुक बव्हंशी ओतकामाचे असते. घोड्याच्या मानेचा बाक, लगाम धरलेल्या हाताचा संयम, स्वाराच्या बैठकीतील अनाग्रही अधिकार, ह्यांविषयी मात्र फारच थोडे लिहिले गेले आहे.

धातूचे काम असे जोखमीचे आणि खर्चाचे असल्यामुळे ते आश्रयदात्यावाचून होत नाही. संगमरवराचीही गोष्ट तीच. शिल्पकार प्रथम लोखंडी सांगाड्यावर मातीचे शिल्प करतो. त्यावरून प्लॅस्टरचा साचा काढतो. साचा निघताना मूळ मातीकाम मोडते. म्हणजे बोटांचा प्रत्यक्ष स्पर्श जिला झालेला असतो, ती वस्तू, गणपतीप्रमाणेच, नाहीशी होते. मागे राहतो पोकळ साचा आणि त्यात काय ओतावयाचे हा प्रश्न. धातू परवडत नसेल तर प्लॅस्टर ओततात. पण ते ठिसूळ, पाण्याला न टिकणारे. गणपतराव म्हात्रे ह्यांची ‘मंदिरपथगामिनी’, जिच्यावर रवींद्रनाथ ठाकुरांनी लेख लिहिला आणि जिच्यापासून आपल्याकडील आधुनिक शिल्पाची गणना करण्याची प्रथा आहे, ती प्लॅस्टरचीच. ह्या दोहोंमधला मार्ग करमरकरांनी सिमेंटमध्ये शोधला.

सिमेंट हे त्या काळी नवेच द्रव्य होते. पोरबंदरचा कारखाना १९१४ मध्ये सुरू झाला. पाठोपाठ तेव्हाच्या जबलपूर जिल्ह्यातील कटनी आणि बुंदी संस्थानातील लाखेरी येथे कारखाने निघाले. धरणे, पूल आणि चाळी ह्यांसाठी तयार होणारी ही राखाडी भुकटी कलेच्या दालनात प्रतिष्ठित मानली जाण्याचे कारण नव्हते. पण तिचे गुण शिल्पकाराला मोहविणारे आहेत. साच्यात ती मातीच्या चिखलासारखी शिरते, बोटांच्या ठशांपासून लुगड्याच्या विणीपर्यंत सारे टिपून घेते. आत गजांचा आधार दिला आणि काही दिवस पाणी मारून ओली राखली, की साचा फोडल्यावर दगडासारखी उभी राहते. आणि ती स्वस्त असते. हा शेवटचा गुण सौंदर्यशास्त्रात बसत नाही. पण करमरकरांच्या कलेत तोच निर्णायक ठरला असे म्हणावे लागते. ज्या माणसाचा पुतळा कोणी उभारणार नाही, त्याचे शिल्प सिमेंटमध्ये करता येते.

सासवण्याच्या घरात, जे आज त्यांचे संग्रहालय आहे, ही माणसे भेटतात. तेथे थोरामोठ्यांची व्यक्तिशिल्पे आहेतच. परंतु पाहणारा थांबतो तो मासळी विकणाऱ्या कोळणीपुढे, गावातल्या पोरांपुढे, कष्टकरी बायांपुढे. अंगणात एक म्हैस बसली आहे. ती सिमेंटची आहे हे ध्यानात येण्यास क्षणभर वेळ लागतो, आणि ह्या फसगतीवरच बहुतेकांचे कौतुक संपते. वास्तविक तिचा विशेष हुबेहूबपणात नाही. रवंथ करणाऱ्या जनावराचा जो जडपणा, भूमीला टेकून राहिलेले जे वजन, ते त्या द्रव्याच्याच स्वभावातून आलेले आहे. ब्राँझची म्हैस चकाकली असती, संगमरवराची हास्यास्पद झाली असती. कोळणीच्या बाबतीतही हेच. तिच्या ठिकाणी ना करुणेचे आवाहन आहे ना ‘ग्रामीण सौंदर्या’चा गोडवा, शेजारीण शेजाऱ्यापुढे उभी राहावी तशी ती उभी आहे.

तथापि करमरकरांना आधुनिक म्हणावे काय, हा प्रश्न उरतोच. त्यांची घडण इंग्रजी कलाशाळेच्या वास्तववादाची. तो त्यांनी कधी सोडला नाही. ‘शंखध्वनी’सारख्या शिल्पात तो वास्तववाद आदर्शाकडे झुकतो आणि शरीर थोडे नाटकी होते. त्यांच्याहून धाकटे रामकिंकर बैज ह्यांनी १९३८ च्या सुमारास शांतिनिकेतनात ‘संथाळ परिवार’ उभा केला, तेव्हा सिमेंट आणि लाल मुरमाची खडी थेट सांगाड्यावर चढविली, साचाच नाकारला. तेथे द्रव्याचा खरबरीतपणा हाच आशय होतो. करमरकरांचे सिमेंट मात्र अखेरपर्यंत मातीची आठवण जपत राहिले, त्वचा आणि वस्त्र ह्यांचे भेद सांगत राहिले. रामकिंकरांच्या धाडसापुढे हे जुन्या वळणाचे वाटेल, आणि रूपाच्या दृष्टीने ते आहेही. पण शिल्पाचा विषय होण्याचा अधिकार कोणाला, ह्या प्रश्नावर दोघांचे उत्तर एकच आहे, आणि मुंबईच्या परंपरेत ते करमरकरांइतक्या सातत्याने दुसऱ्या कोणी दिलेले दिसत नाही. त्यांचे समकालीन रघुनाथ कृष्ण फडके (१८८४–१९७२), गिरगाव चौपाटीवरील लोकमान्यांच्या पुतळ्याचे कर्ते, वसईहून माळव्यातील धार येथे जाऊन स्थायिक झाले. गुणवत्तेने ते कमी नव्हते, पण त्यांच्याही भोवती संस्थान होते. करमरकरांनी सासवण्यात स्वतःपुरते जे स्वातंत्र्य मिळविले, त्याला संस्थान लागले नाही, पोतेभर सिमेंट पुरले.

१९६२ मध्ये करमरकरांना ‘पद्मश्री’ मिळाली आणि १९६७ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांच्या कुटुंबीयांनी घर आणि शिल्पे सांभाळून लोकांसाठी खुली केली. ही जबाबदारी सोपी नाही. सिमेंटला लोक दगड समजतात, पण ते दगड नव्हे. समुद्राच्या खाऱ्या हवेतील क्षार त्यात झिरपतात, आतल्या गजांना गंज चढतो. गंजलेले लोखंड फुगते आणि वरचा थर आतून फोडते. ही चीर प्रथम बारीक जागी पडते : बोटांत, कानाच्या पाळीत, टोपलीच्या काठावर. धातुशिल्पाच्या जतनाचे शास्त्र जुने आणि प्रगत आहे, तर कलाकृती म्हणून सिमेंटच्या जतनाकडे आपल्याकडे अद्याप पुरेसे लक्ष गेलेले नाही. रामकिंकरांच्या शांतिनिकेतनातील शिल्पांपुढेही हाच प्रश्न आहे. अश्वारूढ पुतळ्याची काळजी घेण्यास पुणे शहर आहे. कोळणीचे वय तिच्या आतल्या लोखंडावर अवलंबून आहे.