पक्षाघात : काळाचे भान आणि पुनर्वसनातील वैद्याचे स्थान

वातव्याधींमध्ये पक्षाघाताएवढा अकस्मात येणारा व समग्र कुटुंबास हतबल करणारा व्याधी विरळाच. ग्रामीण भागात अशा रुग्णाच्या घरी पुष्कळदा प्रथम वैद्यासच पाचारण केले जाते. म्हणूनच हा विषय आम्ही वैद्यबंधूंसमोर मांडीत आहोत.

बहुसंख्य रुग्णांत मेंदूची रक्तवाहिनी गुठळीने अवरुद्ध होते, उर्वरितांत ती फुटून रक्तस्राव होतो. बाह्य लक्षणांवरून हा भेद निश्चित करता येत नाही. त्यास सीटी स्कॅनच हवा. मुख वाकडे होणे, एक हात गळणे, वाणी अडखळणे यांपैकी एकही लक्षण एकाएकी दिसल्यास रुग्णास तत्काळ सुसज्ज रुग्णालयात पाठवावे. गुठळी विरघळविणारे औषध सामान्यतः लक्षणारंभापासून साडेचार तासांच्या आतच देतात. यास्तव रुग्ण शेवटचा धडधाकट केव्हा दिसला, ती वेळ चिठ्ठीत अवश्य लिहावी. या काळात स्नेहन-स्वेदन नको. मुखावाटे औषध, पाणीही नको. गिळण्याची क्रिया बिघडलेली असल्यास ते फुप्फुसात उतरते.

मेंदूचा मृत भाग पुन्हा सजीव होत नाही. तथापि निरोगी भाग पुनःपुन्हा केलेल्या अभ्यासाने त्याची कार्ये अंशतः स्वीकारतात. पुनर्वसनाचा सारा पाया हाच. पहिल्या काही महिन्यांत सुधारणा वेगाने होते, पण घाईही हितावह नव्हे. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या 'ॲव्हर्ट' अभ्यासात पहिल्या २४ तासांतच वारंवार उठविलेल्या रुग्णांची प्रगती तुलनेने कमी आढळली. उलट २००६ च्या 'एक्साइट' अभ्यासात निरोगी हात मोज्यात अडकवून दोन आठवडे दुर्बल हाताकडून कामे करवून घेतली असता, व्याधीनंतर ३ ते ९ महिन्यांनीही लाभ दिसला.

चरकाचार्यांनी पक्षाघातात स्नेहयुक्त स्वेदन व विरेचन सांगितले आहे. रुग्ण स्थिर झाल्यावर, त्याच्या चिकित्सकाशी विचारविनिमय करूनच त्यांची योजना करावी. बधिर त्वचेस दाह कळत नाही, म्हणून स्वेदाची उष्णता स्वतःच्या हाताने पारखावी. शिथिल खांदा ओढू नये. पोटरी सुजलेली असल्यास मर्दन वर्ज्य. तेथे गुठळी असू शकते. रक्त पातळ करणारी वा रक्तदाबाची औषधे परस्पर बंद करू नयेत.

सुश्रुताचार्यांनी केवळ वातज पक्षाघात कृच्छ्रसाध्य, अन्य दोषांनी युक्त तो साध्य व क्षयजन्य तो असाध्य म्हटला आहे. हा साध्यासाध्यविवेक आप्तांस प्रांजळपणे सांगावा. पूर्ण बरे करण्याचे आश्वासन देण्यापेक्षा रुग्ण स्वहस्ते घास घेऊ लागावा, हे पहिले ध्येय ठेवणे आम्हांस अधिक श्रेयस्कर वाटते.