सुरक्षेची दुरुस्ती अंगाशी आली? ‘अनडू’ करण्याआधी हे वाचा

मांजलपूर (वडोदरा) : समजा, मांजलपूरच्या एखाद्या सोसायटीत राहणारा मराठी मुलगा पुण्यातल्या कंपनीचे सर्व्हर घरी बसून सांभाळतो. रात्री अकराला तो सुरक्षा तपासणीच्या अहवालातली एक सूचना अमलात आणतो. सूचना चुकीची नसते. तरी काही मिनिटांत क्लस्टरचा मुख्य सर्व्हर बंद-चालू होऊ लागतो. आता केलेला बदल मागे घ्यायचा, पण कसा? बडोद्यापासून बेळगावपर्यंत या कामात असलेल्या आपल्या पोरांना हा प्रश्न कधी ना कधी पडतोच.

आधी थोडं समजून घेऊ. कंटेनर म्हणजे प्रोग्रॅम आणि त्याला लागणारं सगळं सामान एकत्र भरलेला डबा. असे शेकडो डबे अनेक मशिनवर चालवणारा मुकादम म्हणजे कुबरनेटिस. गूगलने तो २०१४ मध्ये सर्वांसाठी खुला केला. आत कोणी यायचं, कोणी कोणाशी बोलायचं, हे त्याच्या सेटिंग्जवर ठरतं. त्या ढिल्या राहिल्या की काय होतं, ते २०१८ मध्ये टेस्लाच्या प्रकरणात दिसलं. कुबरनेटिसचं कन्सोल पासवर्डशिवाय उघडं होतं, चोर आत शिरले आणि कंपनीच्या मशिनवर क्रिप्टो चलन काढत बसले. म्हणून ‘क्यूब-बेंच’सारखी साधनं सीआयएसच्या नियमावलीशी सेटिंग्ज ताडून पाहतात आणि कमतरतांची यादी हातात देतात.

त्या यादीतली एक नेहमीची सूचना अशी : अनोळखी विनंत्या बंद करा. एपीआय सर्व्हर म्हणजे क्लस्टरची खिडकी, तिथे ओळख न सांगणाऱ्याला उभं करू नये, हे पटण्यासारखंच आहे. पण ‘क्यूबएडीएम’ने उभारलेल्या क्लस्टरमध्ये हा सर्व्हर जिवंत आहे का, हे पाहणारी तपासणीसुद्धा ओळख न सांगताच येते. तिलाही नकार मिळतो. मग यंत्रणा समजते की सर्व्हर मेला, आणि त्याला पुन्हा पुन्हा सुरू करत राहते.

इथे नेहमीचा ‘रोलआऊट अनडू’ कामाला येत नाही. हे सेटिंग मशिनवरच्या मॅनिफेस्ट फाइलमध्ये असतं, त्यामुळे त्या मशिनवर लॉगिन करून ती फाइलच दुरुस्त करावी लागते. यातही एक खोडा आहे. बरेच जण जुन्या फाइलची प्रत त्याच फोल्डरमध्ये ‘बॅक’ नावाने ठेवतात. क्यूबलेट मात्र टिंबाने सुरू होणाऱ्या फाइली सोडून त्या फोल्डरमधली प्रत्येक फाइल वाचतो. एकाच सर्व्हरची दोन वर्णनं त्याच्यापुढे येतात आणि गोंधळ वाढतो. प्रत दुसऱ्या फोल्डरमध्येच ठेवायची.

‘अनडू’वर भिस्त ठेवणाऱ्यांचा आणखी एक गैरसमज असतो. तो आदेश डिप्लॉयमेंटमधल्या पॉडचा साचा तेवढा मागे नेतो (मुळात शेवटच्या दहा जुन्या आवृत्त्याच जपलेल्या असतात). नेटवर्कचे नियम, कोणाला कोणते अधिकार, कॉन्फिगमॅप, यांना तो हातही लावत नाही. बाहेर जाणारी सगळी वाहतूक बंद करणाऱ्या नियमात डीएनएसचं ५३ नंबरचं पोर्ट अडकलं असेल, तर ॲप दहा वेळा मागे नेलं तरी नावं सापडणार नाहीत.

सगळ्यात घातक प्रकार गुपितांच्या एन्क्रिप्शनचा. पासवर्ड आणि चाव्या एटसीडीमध्ये कुलूपबंद ठेवण्याची सूचना चांगलीच आहे. पण त्रास झाला म्हणून एन्क्रिप्शनची फाइल सरळ काढून टाकली, तर आधी कुलूपबंद झालेली गुपितं सर्व्हरला वाचताच येत नाहीत. आणि चावी कुठेच शिल्लक नसेल तर ती गुपितं गेलीच. बरोबर क्रम असा : फाइलमध्ये ‘आयडेंटिटी’ हा प्रकार पहिल्या जागी आणायचा, चावी तशीच राहू द्यायची, सर्व्हर पुन्हा सुरू करायचा, सगळी गुपितं नव्याने लिहून घ्यायची आणि मगच फाइल काढायची.

पॉड सुरक्षेचे नियम वेगळाच चकवा देतात. नेमस्पेसवर ‘एन्फोर्स’ लेबल लावलं तरी चालू पॉड चालूच राहतात. शुक्रवारी सगळं ठीक वाटतं. सोमवारी एखादा पॉड पुन्हा सुरू व्हायला जातो आणि अडतो. तोवर शुक्रवारचा बदल कोणाच्या लक्षातही नसतो. म्हणून आधी ‘वॉर्न’ आणि ‘ऑडिट’ लावून काही दिवस इशारे बघावेत. सेटिंग्ज गिटमधून लागू होत असतील तर माघारही गिटमधूनच घ्यावी, नाहीतर हाताने केलेला बदल आर्गो सीडी थोड्या वेळात पुसून टाकू शकतो.

माघार घेतली म्हणजे नुकसान भरून निघालं, असंही नाही. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइकने सदोष फाइल ७८ मिनिटांत मागे घेतली. तोवर मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार ८५ लाख विंडोज मशिनना फटका बसला होता. त्यातली असंख्य एकेक करून हाताने सुरू करावी लागली. आपल्याकडे विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले, ते याच दिवशी.

शिवाय सुरक्षेची दुरुस्ती मागे घेतली की जुनं भोक पुन्हा उघडं पडतं. साइट चालू झाली, सगळे झोपले, आणि ते भोक सहा महिने तसंच, हे सर्रास होतं. मागे घेतलेल्या प्रत्येक बदलापुढे कोणी, का आणि कोणत्या तारखेपर्यंत हे लिहायला दोन मिनिटं पुरतात.

अनोळखी विनंत्यांच्या बाबतीत आता मधला मार्गही आहे. कुबरनेटिसच्या अलीकडच्या आवृत्त्यांत जिवंतपणाच्या तपासणीचे तेवढे पत्ते अनोळखींसाठी खुले ठेवून बाकी सगळं बंद करता येतं. मांजलपूरच्या त्या मुलाने सेटिंग मागे घेतलं असेल, तर दुसऱ्या दिवशी सकाळी हाच बदल करून बघावा, आधी चाचणीच्या क्लस्टरवर.