लॅकर किती उरलं?

दिवाळीनंतर साखर कारखाने सुरू झाले की कराड, पलूस, वाळवा, तासगाव या पट्ट्यातल्या रस्त्यांवर उसाच्या ट्रॉल्या रात्रंदिवस धावू लागतात. ट्रॉलीबाहेर आलेलं एखादं टिपरू दाराला घसटून गेलं की चरा पडलाच. सांगली-मिरज रस्त्याच्या आसपासच्या डेंटिंग-पेंटिंगच्या गॅरेजांत अशा गाड्या नेहमीच्या. पण पेंटरचा खरा घाम निघतो तो चरा घरच्या घरी घासून काढलेल्या गाड्यांवर.

अशाच एका गाडीचं काम मी जवळ उभं राहून पाहिलं. चंदेरी रंगाची छोटी गाडी, एमएच 11, म्हणजे साताऱ्याची. मालक निवृत्त शिक्षक, लेकीकडे सांगलीला आलेले. मागच्या डाव्या दारावर वीतभर चरा होता. त्यावर आधी टूथपेस्ट आणि भांडी घासायची हिरवी घासणी चालली, मग हार्डवेअरच्या दुकानातून आणलेला 800 नंबरचा पॉलिश पेपर. आता तिथं ताटाएवढा मंद, पांढुरका पट्टा होता आणि त्याच्या मधोमध करड्या रंगाचा डाग. विम्याचा क्लेम त्यांनी केला नाही, त्याला कारण होतं. सलग पाच वर्षं क्लेम नसेल तर गाडीच्या नुकसानीच्या हप्त्यावर 50 टक्के सूट मिळते, आणि एका चऱ्यापायी ती गमवायला कोणीही कचरेल. हिशेब बरोबर होता, घासणी चुकली.

गॅरेजच्या पेंटर मिस्त्रींनी कुठल्याही यंत्राला हात लावण्याआधी पट्ट्यावर ओला फडका फिरवला. कडेचा मंदपणा पाण्याखाली नाहीसा झाला. म्हणजे तिथं रंगावरचं पारदर्शक लॅकर शाबूत होतं, नुसतं वरून खरवडलेलं. मधला डाग मात्र ओला होऊनही तसाच दिसत राहिला. मग पांढऱ्या कापडावर चिमूटभर पॉलिशचं कंपाउंड घेऊन त्यांनी तिथं दोनदा हलकेच घासलं. कापड राखाडी झालं. लॅकर उरलं असतं तर कापडावर कंपाउंडचाच रंग राहिला असता. कापडावर आली ती चंदेरी रंगाची भुकटी होती.

हे सगळं किती पातळ असतं ते आकड्यांत पाहिल्याशिवाय पटत नाही. पत्र्यावर कारखान्यात विजेच्या साहाय्याने बसवलेला गंजरोधक थर साधारण 20 मायक्रॉनचा, त्यावर 30-35 मायक्रॉन प्रायमर, मग जेमतेम 15-20 मायक्रॉन रंग आणि सगळ्यात वर 40-50 मायक्रॉन लॅकर. माणसाचा केस साधारण 70 मायक्रॉन जाड असतो. म्हणजे चकाकी, उन्हापासूनचं संरक्षण आणि धुण्यापुसण्याचा सगळा मार ज्या थरावर आहे, तो केसाहूनही बारीक. 800 नंबरचा कागद त्यात खोल रेघा पाडतो. त्या काढायला 1500, मग 2000 नंबर चालवावा लागतो आणि प्रत्येक वेळी आणखी थोडं लॅकर जातं. कंपाउंड लॅकर भरून काढत नाही, तेही घासतंच.

मिस्त्रींकडे जाडी मोजायचं यंत्र होतं. पुढच्या दारावर आकडा शंभराच्या पुढे, पट्ट्याच्या मध्यावर साठच्या घरात. हे यंत्र सगळ्या थरांची मिळून जाडी सांगतं, त्यात लॅकर किती हे सांगत नाही. ते पाणी, कापड आणि नजर यांवरून ओळखायचं. मला हेच या कामाचं मर्म वाटतं: चरा किती खोल आहे यापेक्षा घासायला किती शिल्लक आहे, हा प्रश्न आधी.

दाराला पोचा नव्हता, म्हणून लांबी भरायची गरज नव्हती. साबणाने धुऊन, मेण आणि तेल काढणाऱ्या द्रवाने पुसून, डागाभोवतीच्या थरांची कड कागदाने उतरती केली आणि तेवढ्याच जागी प्रायमर मारला. तो वाळून घासून झाला, आणि मग सुरू झालं सगळ्यात अवघड काम, शेड जुळवणं.

गाडीवरच्या पट्टीवर रंगाचा कोड असतो, पण कोड जुळला म्हणजे रंग जुळला असं नाही. एकाच कोडच्या छटा निघतात, शिवाय गाडी किती वर्षं उन्हात उभी राहिली त्यावरही रंग बदलतो. चंदेरी रंग तर पेंटरची परीक्षाच घेतो. त्यात ॲल्युमिनियमचे बारीक कण असतात. ते आडवे बसले की एक छटा, अस्ताव्यस्त बसले की दुसरी. स्प्रे गन किती लांब धरली, हवा किती सोडली, थिनर कसा वापरला, यावर तोच डबा उजळ किंवा गडद दिसतो. सांगलीच्या उन्हाळ्यात थिनर वाटेतच उडतो आणि कण नीट बसायच्या आत रंग सुकतो. म्हणून सावकाश उडणारा थिनर घ्यावा लागतो. मिस्त्रींनी आधी एका कार्डावर रंग आणि लॅकर मारून पाहिलं, ते उन्हात दाराला लावलं, समोरून पाहिलं, मग खाली वाकून तिरक्या नजरेनं. दोनदा नापसंत केलं. घाई करणाऱ्या गिऱ्हाइकांनी हे वाकून पाहणं एकदा तरी बघावं.

पट्टा मधोमध होता म्हणून शेजारचं दार वाचलं. रंग डागावर भरून कडेकडेनं विरळ करत नेला, पण लॅकर पूर्ण दारावर मारलं. का, हे समजायला मिरजेला जायला हवं. शस्त्रांना धार नि झिलई देणाऱ्या शिकलगार घराण्यातल्या फरीदसाहेबांनी एकोणिसाव्या शतकात तिथं तंतुवाद्यं घडवायला सुरुवात केली. तिथल्या तंबोऱ्यावर स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या चपड्याचं पॉलिश असतं. त्यावर नवा हात फिरवला की जुना थर थोडा विरघळतो आणि दोन्ही एकजीव होतात. आजचं हार्डनर घातलेलं लॅकर एकदा पक्कं झालं की पुन्हा विरघळत नाही. नवं लॅकर जुन्यावर नुसतं चिकटतं. दाराच्या मध्येच ते संपवलं तर ती कड उन्हापावसात कधी ना कधी उघडी पडते. म्हणून ताटाएवढ्या पट्ट्यासाठी अख्खं दार.

एक गोष्ट मात्र मनाला लागून राहिली. या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतात आणि त्यांच्या फवाऱ्यानं पेंटरना दमा जडतो, हे वैद्यकशास्त्राला पक्कं ठाऊक आहे. मिस्त्रींच्या तोंडाला फिल्टरचा मास्क होता, पण शेजारी दार धरून उभ्या असलेल्या पोराच्या तोंडाला नुसता रुमाल. रुमालानं वाफ अडत नाही. पेंटच्या बिलात मास्कचे पैसे धरलेत का, हे गिऱ्हाइकानंच विचारायला हवं. आपल्या दाराच्या चकाकीसाठी कोणाची छाती जायला नको.

लॅकर पक्कं झाल्यावर त्यात बसलेले धुळीचे कण 2000 नंबरनं पाण्यासोबत घासले आणि मग मशीननं कंपाउंड केलं. दाराच्या कडांवर आधी टेप लावली होती, कारण कडेला लॅकर सगळ्यात पातळ बसतं आणि मशीन तिथंच पहिल्यांदा रंग उघडा पाडतं.

गाडी ताब्यात घेताना सरांनी मागच्या बंपरवरचा एक बारीक चरा दाखवला. मिस्त्रींनी त्यावरून नख फिरवलं. नख अडकलं नाही.

"राहू दे सर. बंपर प्लास्टिकचा, आपलं यंत्र तिथं आकडा दाखवत नाही. पुढच्या वेळी सर्व्हिसिंगला आलात की हातानं पॉलिश मारून देतो. तोवर घासणी लावू नका."